हसण्याची बारी कोणाची?

पाडवा जवळ आला की नारायणगावात राहुट्या लागतात. पुणे-नाशिक रस्त्यावरचे जुन्नर तालुक्यातील हे गाव एरवी टोमॅटोच्या बाजारासाठी ओळखले जाते. परंतु यात्रांचा हंगाम तोंडावर आला की ते तमाशाची पंढरी होते. निरनिराळ्या फडांच्या राहुट्या ओळीने उभ्या राहतात. बाहेर फडाच्या नावाचा रंगीत फलक, आत एक टेबल, चार खुर्च्या आणि तारखांची वही. पुणे, नाशिक, नगर (म्हणजे आताचे अहिल्यानगर) अशा जिल्ह्यांतील गावांच्या यात्रा कमिट्या येथे येतात. तारीख कोणती मोकळी आहे, नाचणाऱ्या किती, सोंगाड्या कोण, असे विचारतात. घासाघीस होते, विसार दिला जातो आणि सुपारी ठरते.

गेले काही हंगाम आम्ही या राहुट्यांवर जाऊन बसतो. आम्ही जुन्नरच्या मोहल्ल्यात वाढलो आणि शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. सुपारी देणाऱ्यांच्या गर्दीत एक टोपीवाला म्हातारा मास्तर पाहून फडाचे मॅनेजर प्रथम बुचकळ्यात पडत. आता ते आपणहून चहा मागवतात. भेटेल त्या कलावंताला आम्ही एकच प्रश्न विचारीत आलो आहोत. लोकांना हसवताना कोणाला हसायचे आणि कोणाला नाही, हे तुम्ही कसे ठरवता?

प्रश्न साधा आहे. आमच्या मनात मात्र तो एका रात्रीपासून घर करून बसला आहे.

आमचे अब्बा बांगड्यांचा धंदा करीत. चैत्रात यात्रा सुरू झाल्या की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या गावोगावी त्यांचे दुकान लागे. आम्ही दहा-अकरा वर्षांचे असू. आंबेगाव तालुक्यातील एका गावच्या यात्रेत दुकान आवरल्यावर अब्बांनी आम्हांला तमाशाला नेले. अब्बांना तमाशाचा फार शौक. मोहल्ल्यात ते कोणाला कळू देत नसत, कारण मौलवीसाहेब तमाशाचे नाव निघाले तरी तोंड फिरवीत. त्या रात्री गण झाला, गौळण झाली आणि बतावणी सुरू झाली. सोंगाड्या लुंगी लावून, डोक्याला गोल टोपी आणि हनुवटीला खोटी दाढी चिकटवून बोर्डावर आला. मोडक्या दखनीत मराठी मिसळून तो आपल्या बायकांची नावे विसरू लागला, पोरे मोजताना चुकू लागला. तंबू हसून लोळत होता. पुढे बसलेली काही माणसे मागे वळून आमच्याकडे पाहत होती आणि पुन्हा हसत होती. आम्ही अब्बांकडे पाहिले. सगळ्यांत मोठ्याने अब्बाच हसत होते. टाळ्याही देत होते.

परतताना आम्ही विचारले, "अब्बा, तुम्हांला राग नाही आला?"

अब्बा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेटा, सुबह इन्हीच के घर की औरतांको चूड़ियाँ पहनाना है."

अब्बांचे ते हसणे कसले होते? त्यांना खरोखर मजा वाटली होती की ती धंद्याची गरज होती? की दोन्ही होते? अब्बा आज नाहीत. म्हणून आम्ही हा प्रश्न सोंगाड्यांना विचारीत फिरतो.

यावर कोणी म्हणेल की तमाशाच मुळात हलका, त्याच्याकडे नीतीची चर्चा काय मागायची? हे आम्हांला मान्य नाही. तमाशाचा बोर्ड आम्हांला परकाही नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळात लावणी गाजवणारे शाहीर सगनभाऊ जातीने शिकलगार मुसलमान होते, जेजुरीचे. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल पुढे शाहीर अमर शेख झाले आणि अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथकातून महाराष्ट्र जागा केला. तुर्रा-कलगीच्या सवाल-जवाबांची परंपरा सांगणारे तर तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर अशी जोडीच आपल्या मुळाशी सांगतात. तेव्हा या बोर्डावर आमचा हक्क आहे. हक्क आहे म्हणूनच त्याला प्रश्न विचारण्याची मोकळीकही आहे.

आणि बोर्डाने मोठी कामे केली आहेत, हेही विसरता येत नाही. बतावणीत आणि वगात सोंगाड्या राजाला खुळा ठरवतो, पाटलाची मिशी उतरवतो, सावकाराच्या वहीची टर उडवतो. गौळणीत तो पेंद्या होऊन देवालाही सोडत नाही. पुण्याजवळच्या इंदुरीचे दादू इंदुरीकर 'गाढवाचं लग्न'मध्ये सावळा कुंभार होऊन उभे राहिले की दरबाराचा सगळा डौल उतरत असे. ज्या माणसाला दिवसा पाटलासमोर मान वर करता येत नव्हती, तो रात्री पाटलालाच हसवून त्याचे दोष त्याच्या पदरात घालीत असे. ही विनोदाची ताकद होय.

पण ती ताकद किती वेळ टिकायची? भाऊ-बापू मांग नारायणगावकर हे या गावचे नावाजलेले फडमालक. त्यांच्या नावातच जात होती आणि तीच फलकावर रंगवलेली असे. भाऊंच्या कन्या विठाबाई यांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. २००२ साली त्या गेल्या. आज राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव देते. परंतु त्या पिढीतील कलावंत सांगत की रात्री शिट्ट्या मारणारे हात सकाळी पाणी वरून ओतीत. रात्रीच्या हसण्याने सकाळचे पाणी बदलले नाही. तेव्हा एका तंबूत बसून एकत्र हसलो म्हणजे आपण एक झालो, असे समजण्याची घाई करू नये.

आता आम्हांला मिळालेली उत्तरे सांगतो. ज्यांनी ती दिली त्यांची नावे देत नाही. त्यांनी ती विश्वासाने दिली आहेत.

पहिले उत्तर एका म्हाताऱ्या सोंगाड्याचे. वय सत्तरीच्या पुढचे, दात थोडे, आवाज मात्र शाबूत. २०२० आणि २०२१ या दोन सालांत करोनामुळे यात्रा भरल्या नाहीत, तेव्हा हा माणूस दुसऱ्याच्या शेतात टोमॅटो तोडायला जात होता. त्याने आमचा प्रश्न ऐकून घेतला आणि म्हणाला, "गुरुजी, ज्याची नक्कल करायची त्याच्या घरचा चहा आपण प्यालेला पायजे. न पिता केली तर ती नक्कल नाही, चहाडी हाय."

त्याचे म्हणणे असे होते. दिवसा गावात फिरायचे, पारावर बसायचे, गावच्या माणसांच्या लकबी पाहायच्या आणि रात्री त्या बोर्डावर आणायच्या. पाटलाचे चालणे, पुढाऱ्याचे बोलणे, वाण्याचे तागडीकडे पाहणे. तो माणूस समोर बसलेला असतो. त्याचा चेहरा गॅसबत्तीच्या उजेडात दिसत असे, पुढे ट्यूबच्या उजेडात दिसू लागला. चेहरा उतरला की सोंगाड्या विषय बदलतो, नाहीतर तोच विनोद स्वतःवर ओढून घेतो. "आधी आपुन खुळं व्हायचं, मग दुसऱ्याला करायचं," असे तो म्हणाला. सगळे शास्त्र त्याने एवढ्यात सांगितले.

आम्ही त्याला त्या रात्रीची गोष्ट सांगितली. टोपी, दाढी, पोरांची मोजणी, आणि अब्बांचे हसणे. तो फड त्याचा नव्हता. तरीही तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ती बतावणी आम्हीबी करायचो. सगळेच करायचे. एखादा मुसलमान गडी समोर बसलेला असायचा आन् हसायचा. तो हसला की आम्हांला वाटायचं, पावती मिळाली. मग पुढच्या गावाला अजून दोन वाक्यं वाढवायची."

पावती हा शब्द आम्हांला लागला. अब्बांनी सकाळच्या बांगड्यांसाठी जे हसू दिले, त्याची पावती फाडून कोणीतरी पुढच्या गावी गेला होता. त्या गावीही एखादा बांगडीवाला बसला असेल, एखादा पिंजारी, एखादा आतार. त्याच्या शेजारी त्याचा मुलगा असेल. म्हणजे चेहरा पाहून विनोद करण्याचा जो नियम म्हाताऱ्याने सांगितला, तो चांगला असूनही पुरा पडत नाही. दुबळ्या माणसाचा चेहरा खरे बोलतोच असे नाही. ज्याला सकाळी त्याच गावात धंदा करायचा आहे, त्याचा चेहरा रात्री हसतो.

दुसरे उत्तर एका बाईचे. तिची आजी फडात होती, आई होती, आणि तीही लहानपणापासून बोर्डावर आहे. गौळणीत उभी राहते, वगात राणी होते. ती म्हणाली, "सर, सोंगाड्याच्या निम्म्या विनोदात मी असते. पण मला वाक्य नसतं. मी लाजायचं आणि पदर दातात धरायचा." पुढे एका वगात तिने मालकाकडे हट्ट धरला की मला एक जबाब द्या. सोंगाड्याने चिडवले की मी उलट बोलणार. पहिल्या दिवशी सोंगाड्याच नाराज होता. पण ती उलट बोलली आणि टाळी पडली, तेव्हा त्यालाही कळले की दोघांच्या बोलण्याने प्रवेश वर गेला. ती म्हणाली, "मला हसू द्या की लोकांना. माझी ना नाही. पण मला माझी बारी पायजे."

बारी म्हणजे पाळी. संगीत बारीतही एका पार्टीनंतर दुसरीची बारी येते. आम्ही ज्याच्या शोधात होतो तो शब्द या बाईने आमच्या हातात ठेवला. विनोद वाईट की चांगला हे त्यातील शब्दांवरून पुरते ठरत नाही. ज्याला हसले त्याला परत हसण्याची बारी मिळते का, हे पाहिले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत सरकारने तमाशावर बंधने आणली, सुधारणेसाठी समिती नेमली, संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत आणली. तेव्हा सारा भर अश्लीलतेवर होता. द्वयर्थी वाक्य कोणते, हातवारे कोणते, हे तपासले गेले. पण ज्या माणसाची टर उडवली तो उत्तर देऊ शकतो का, हा प्रश्न कोणत्याही तपासणीच्या कागदावर मावणारा नाही. तो समाजानेच स्वतःला विचारायचा असतो.

आपल्या मराठीत याचा एक जुना आणि उत्तम दाखला आहे. पैठणच्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात हिंदू-तुर्क संवाद लिहिला. त्यात हिंदू तुर्काच्या धर्माची टर उडवतो आणि तुर्क हिंदूच्या देवांची, आचारांची. आजच्या काळात छापायला संपादक दहा वेळा विचार करील, इतके ते बोलणे रोखठोक आहे. पण नाथांनी दोघांनाही सारख्या बाऱ्या दिल्या. तुर्काला त्यांनी मुका ठेवला नाही, खुळाही केला नाही. त्याचे प्रश्न हिंदूच्या प्रश्नांइतकेच धारदार आहेत. भांडण होते आणि शेवटी दोघे एकमेकांना भेटतात. शेवटची ती भेट खरी वाटते, कारण आधी दोघांनीही मनातले सगळे बोलून टाकलेले असते. एकालाच बोलू देऊन शेवटी गळाभेट घडवली असती तर ती खोटी ठरली असती.

तिसरे उत्तर आमच्या घरातलेच आहे, आणि ते सर्वांत अवघड आहे. मंचरचा एक तरुण, आमच्याच बिरादरीचा, मोबाइलवर विनोदी चित्रफिती करतो. बाजार समितीत हमाली-हिशेबाचे काम करतो आणि संध्याकाळी डोक्याला ओढणी गुंडाळून आपल्या आम्मीची, खालाची, फुफूची नक्कल करतो. आमच्याकडची ती बोली, निम्मी दखनी आणि निम्मी मराठी, त्याच्या तोंडून ऐकली की आमच्या घरातल्या बायका डोळे पुसून हसतात. त्याच्या आम्मीने तर स्वतःच त्याला दोन वाक्ये सुचवली आहेत. म्हाताऱ्या सोंगाड्याच्या कसोटीने पाहिले तर तो पास आहे. ज्या घरचा चहा तो रोज पितो, त्याच घरची नक्कल करतो.

पण चित्रफीत घरात राहत नाही. कोणीतरी ती उचलली, खाली भलताच मजकूर घातला आणि ज्या गटांत आमच्याविषयी विष पेरले जाते तेथे फिरवली. दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातील चार पोरे त्याच्या दारात आली. तू कौमची इज्जत रस्त्यावर आणलीस, म्हणाली. त्याने आम्हांला विचारले, "सर, मैं क्या करूं? मी माझ्या आईला हसायचं नाही का?"

आम्ही शिक्षक. उत्तर देण्याची सवय. पण लगेच काही सुचले नाही. तंबूला कनात असते. आत कोण बसले आहे हे सोंगाड्याला दिसते. या पोराच्या बोर्डाला कनात नाही. त्याच्या आम्मीला हसणारा कोण, कोठला, कोणत्या हेतूचा, हे त्याला दिसत नाही, आणि आम्मीला बारी घ्यायची झाली तर समोर चेहराच नाही. तरीही आम्ही त्याला थांब म्हणालो नाही. दुसरा दुरुपयोग करील म्हणून आपण आपल्याच घरात हसणे सोडले, तर आपल्या घराचा ताबा त्या दुसऱ्याला दिल्यासारखे होईल. आम्ही एवढेच म्हणालो की आम्मीची नक्कल करतोस, तर अधूनमधून आम्मीलाही तुझी नक्कल करू दे. पुढच्या चित्रफितीत ती बाई खरोखर आली. तिने मुलाच्या मोबाइल धरण्याची, केस सावरण्याची अशी काही हुबेहूब नक्कल केली की दारात आलेल्या त्या चार पोरांपैकी दोघांनी ती आपल्या घरी दाखवली. उरलेले दोघे अजून रागावलेले आहेत. त्यांचा रागही आम्हांला पुरता चूक वाटत नाही. बाहेर हवा कशी आहे, हे त्यांना रोज कामावर जाताना कळते.

येथे आम्हांला स्वतःकडेही पाहणे भाग आहे. कुरआन शरीफमध्ये सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एका समूहाने दुसऱ्या समूहाची थट्टा करू नये, कदाचित ते यांच्याहून चांगले असतील, अशा आशयाची ताकीद आहे. स्त्रियांनी स्त्रियांची करू नये, हे वेगळे सांगितले आहे, आणि एकमेकांना टोपणनावांनी हिणवण्याचीही मनाई आहे. आमच्या तकरिरींत ही आयत पुष्कळदा ऐकू येते. पण इतरांनी आमची थट्टा केली तेव्हाच ती आठवते. आम्ही आमच्यातल्याच कोणाकोणाची धंद्यावरून टर उडवतो? शुद्ध उर्दू बोलणारा दखनी बोलणाऱ्याला हसतो. आणि ज्या तमासगिरांनी आम्हांला हसवले, त्यांच्या बायकांविषयी आमच्या ओट्यांवर काय बोलले जाते? त्या बायका तेथे उत्तर द्यायला नसतात. आमच्या ओट्यावर त्यांना बारी नाही.

आमच्या परंपरेत मुल्ला नसरुद्दीन आहे. तो गाढवावर उलटा बसतो, स्वतःच्याच घरात चोर शिरल्यावर लाजून लपतो. त्याचा विनोद काझीला, बादशहाला, शेजाऱ्याला झोंबतो. पण पहिला मार तो स्वतःच्या पाठीवर घेतो. नारायणगावच्या म्हाताऱ्याने सांगितलेले 'आधी आपुन खुळं व्हायचं' ते हेच. मुल्लाला तमाशात घेतले असते तर तो चांगला सोंगाड्या झाला असता, असे आम्हांला वाटते.

मग निष्कर्ष काय? आम्ही कायदा करा म्हणत नाही, बंदी घाला म्हणत नाही. बंदीने विनोद मरत नाही; तो कनातीबाहेर जातो आणि तेथे अधिक विखारी होतो. आम्ही हसवणाऱ्याला एवढेच विचारतो की ज्याला तू हसतोस त्याला तुझ्या बोर्डावर एक वाक्य आहे का? आणि ज्याला हसले जाते त्यालाही आम्हांला काही सांगायचे आहे. हसू आले तर मनापासून हसा. नाही आले तर पावती देऊ नका. गप्प बसणेही एक उत्तर आहे, आणि चांगला सोंगाड्या ते ऐकतो. त्या म्हाताऱ्याने आम्हांला सांगितले की एका गावात ती बतावणी चालू असताना मागे बसलेला एक म्हातारा मुसलमान हसला नाही, उठूनही गेला नाही. नुसता पाहत राहिला. "त्या दिवसापासून दाढी पेटीत ठेवली ती ठेवली," असे तो म्हणाला.

हे ऐकल्यावर अब्बांविषयी आमच्या मनात क्षणभर राग आला. तुम्ही का नाही नुसते पाहत राहिलात? पण तो राग टिकला नाही. त्या न हसणाऱ्या म्हाताऱ्याला कदाचित दुसऱ्या दिवशी त्या गावात बांगड्या भरायच्या नसतील. ज्याच्या पोटाला गावाची गरज आहे त्याच्याकडून धैर्य मागणे सोपे असते. खरे तर ते धैर्य त्या तंबूतल्या इतर शेकडो माणसांनी दाखवायचे होते. मागे वळून अब्बांकडे पाहण्याऐवजी त्यांतल्या एखाद्याने हसणे थांबवले असते, तरी त्या रात्री अब्बांना एवढ्या मोठ्याने हसावे लागले नसते.

या पाडव्याला आम्ही पुन्हा नारायणगावला जाऊ. त्या म्हाताऱ्याने आमची नक्कल बसवली आहे, असे कानावर आले आहे. टोपीवाला मास्तर राहुटीत येतो आणि सुपारी न देता नुसते प्रश्न विचारतो, अशी ती बतावणी आहे म्हणे. आम्ही पुढच्या ओळीत बसणार आहोत. आमच्याकडचा चहा तो आधी प्यालेला आहे, त्यामुळे त्याची हरकत नाही. फक्त नक्कल संपल्यावर बोर्डावर चढून एक जबाब देण्याची परवानगी आम्ही त्याच्याकडे आधीच मागून ठेवली आहे.